फोटोत चालणारं मशीन

बोरिवलीचा राजेश हडकर हा बँकेच्या पॅनेलवरचा व्हॅल्युअर होता. फ्लॅट, गाळा, कारखान्यातलं मशीन, काहीही समोर ठेवा, राजेश त्याची किंमत लिहून द्यायचा. समोर नाही ठेवलं तरी द्यायचा. किंमत किती हवी आहे ते मात्र आधी विचारून घ्यायचा. उगाच दोनदा टायपिंग कशाला?

अशा जाणकार माणसालाही दर वर्षी ठरावीक तास प्रशिक्षण घ्यावं लागे, नाहीतर काम बंद. राजेशला हा स्वतःचा अपमान वाटायचा. सुदैवाने हल्ली वर्ग ऑनलाइन भरत होते.

"अनुपमा, या वेळी तू बस ना," तो बायकोला म्हणाला.

"मी? आणि तू काय करणार?"

"मला कामं आहेत गं. कॅमेरा बंद ठेव, नेटवर्क नाही म्हणून सांग. मधूनच स्क्रीनवर चौकोन येतो, ‘आपण उपस्थित आहात का?’ त्याच्यावर टिचकी मारायची. बस."

अनुपमाकडे सिव्हिल इंजिनिअरिंगची पदवी होती, मुलगी होण्याआधी काही वर्षं नोकरीही झाली होती. ते राजेशच्या लक्षात असायचं कारण नव्हतं.

पहिल्या वर्गाला तिने गवार मोडली. दुसऱ्या वर्गाला गवार तशीच राहिली आणि ती ऐकत बसली. तिसऱ्या वर्गात तिने राजेशच्या नावाने चॅटमध्ये लिहिलं, "मशीन न बघता किंमत लिहिली, तर ती मशीनची किंमत की लिहिणाऱ्याची?"

शिकवणाऱ्या नमिता कारखानीस मॅडमनी तो प्रश्न मोठ्याने वाचून दाखवला. ही प्रशिक्षण संस्था काढल्यापासून त्यांना एकच प्रश्न ऐकायची सवय होती: सर्टिफिकेट कधी मिळणार? "हडकर सर," त्या गहिवरून म्हणाल्या, "काय विचारलंत!"

हडकर सर तेव्हा मालाडला एका हॉटेलात डोसा खात होते.

संध्याकाळी अनुपमाने घरच्या हडकरांनाही धरलं. "त्या विक्रोळीच्या प्रिंटिंग प्रेसच्या मशीनची किंमत लिहून दिलीस, ते मशीन तू पाहिलंयस?"

"पाहिलं ना. व्हॉट्सॲपवर."

"चालतं का?"

"फोटोत चालतंय."

"फोटोत कसं चालेल रे?"

"हिरवा दिवा लागलेला दिसतो. उरलेलं आयुष्य आठ वर्षं लिहिलंय मी. कमी नाही लिहिलं."

चार दिवसांनी मॅडमचा फोन आला. संस्थेने यंदाचा उत्कृष्ट प्रशिक्षणार्थी म्हणून राजेशची निवड केली होती. अंधेरीच्या एका हॉटेलात सत्कार आणि त्यानंतर त्याचं भाषण: ‘व्हॅल्युअरची सचोटी’. सत्कार ऐकून राजेश फुलला. भाषण ऐकून म्हणाला, "वाट लागली."

"मी लिहून देते," अनुपमा म्हणाली. "पण आधी विक्रोळीला चल. मशीन बघू."

मशीनच्या गाळ्यात पाणीपुरीच्या पुऱ्यांच्या गोण्या रचल्या होत्या, थेट छतापर्यंत. प्रेसचे मालक लवू तोरसकर, मूळचे कुडाळकडचे, एका गोणीला टेकून चहा पीत होते.

"तोरसकर, मशीन कुठाय?" राजेशने विचारलं.

"मशीन? ता गावाक धाडलंय. दोन वर्सां झाली. भावान भंगारात घातल्यान."

"अहो, मग मला फोटो पाठवलात तो?"

"फोटो आसा मां!" तोरसकरांना खरंच वाईट वाटलं. "तुमी फोटोच मागलात. मशीन खंय मागलात?"

अनुपमाला आधी हसू फुटलं. मग राजेशचा चेहरा बघून ती थांबली. रिक्षात तो पहिल्यांदा तोरसकरांवर चिडला, मग तिच्यावर, आणि घाटकोपर आल्यावर त्याला स्वतःचा रिपोर्ट आठवला. त्या भंगारावर बँकेने कर्ज दिलं होतं, आणि रिपोर्टखाली सही त्याची होती.

"उद्या बँकेला लिहून दे," अनुपमा म्हणाली.

"वेडी आहेस?"

"मग भाषणही तूच लिही."

त्याने प्रयत्न केला. ‘आदरणीय व्यासपीठ’ एवढं लिहून झालं आणि पेन अडलं. दोन दिवस त्याला झोप लागली नाही. तिसऱ्या दिवशी त्याने बँकेला पत्र दिलं.

मॅनेजरने केबिनचं दार लावलं. "हडकर, मशीन नाही हे तुम्हाला कळलं, ठीक आहे. पण लिहून कशाला दिलंत? तोंडी सांगितलं असतं तर मी ऐकलंच नसतं. आता मला हे फाईलला लावायला लागणार."

आठवड्याभरात राजेश पॅनेलवरून गेला. कारण: कामातला हलगर्जीपणा. इतकी वर्षं हलगर्जीपणा केला तेव्हा दिवाळीला मिठाईचा डबा यायचा.

तरी भाषणाला तो गेला. शाल मिळाली, नारळ मिळाला. अनुपमाने लिहिलेलं तो वाचत गेला, आणि ‘जे डोळ्यांनी पाहिलं नाही त्याच्यावर सही करू नका’ या ओळीला त्याचा आवाज खरोखरच फाटला. समोरचे व्हॅल्युअर मोबाईलमध्ये होते. भाषण संपलं तेव्हा टाळ्यांचा कडकडाट झाला. जेवण लागलं होतं. एकाने हात वर केला. "सर, प्रशिक्षणात याचा एक तास धरणार की दीड?"

ताटं घेऊन सगळे पांगल्यावर कृणाल नावाचा एक तरुण व्हॅल्युअर जवळ आला. "झकास बोललात, सर! डोळे उघडलेत आमचे. खरं सांगू? तुमच्या जागी पॅनेलवर मीच आलोय. विक्रोळीच्या प्रेसच्या मशीनची किंमत नव्याने लिहायचं कामही माझ्याकडेच दिलंय."

"जाऊन आलास?"

"आता जायची गरजच नाही, सर. या वेळी त्यांनी व्हिडिओ पाठवलाय."

राजेशने ताट खाली ठेवलं आणि तडक मॅडमना गाठलं. "मॅडम, तो कृणाल आहे ना, त्याला विचारा तरी..."

"हडकर सर," मॅडम त्याच्या खांद्यावरची शाल सारखी करत म्हणाल्या, "आज नको ना. आज किती छान वातावरण आहे."

घरी आल्यावर त्याने सगळं सांगितलं. अनुपमाने ऐकून घेतलं. तिच्यासमोर जाडजूड पुस्तकं उघडी पडली होती.

"हे काय?"

"व्हॅल्युअरच्या परीक्षेला बसतेय. माझ्या नावाने."

राजेशने दारातूनच एका पुस्तकाचं नाव वाचलं. मग त्याने घसा खाकरला. "काही अडलं तर विचार हं."

अनुपमाने वर पाहिलं, उठली, आणि दार लोटून घेतलं.