दहापटीचं गणित

कडकशेठना हे नाव कुणी पाडलं ते त्यांनाही ठाऊक नव्हतं, पण शोभत मात्र होतं. लाँड्रीचे मालक, सदऱ्याला कायम खळ, आणि स्वभावालाही. गिऱ्हाइकाशी गोड, कामगारांशी तुटक, आणि सरकारशी तर विचारूच नका. रोज सकाळी पेपर उघडायचा, सरकारच्या नावाने खडे फोडायचे, मगच शटर वर.

त्या सोमवारी मात्र पेपर वाचून शेठ नुसते डोळे विस्फारून बसले. नवा कायदा आला होता. दुकान असो की कारखाना, मालकाने घरी न्यायचं ते तिथल्या सर्वांत कमी पगाराच्या दहापटच. वरचं सगळं सरकारजमा.

"दरोडा आहे हा, दरोडा!" शेठ गरजले. "मी कमवायचं किती ते हे ठरवणार? उद्या म्हणतील, श्वास किती घ्यायचे तेही आम्हीच सांगू!"

"आपल्याकडे सर्वांत कमी पगार कुणाचा?" गल्ल्यावर बसलेल्या मालकीणबाईंनी विचारलं. पावती फाडता फाडता विचारलं, म्हणून शेठना त्यात काही वावगं वाटलं नाही.

शेठची नजर कोपऱ्यातल्या स्टुलाकडे गेली. तिथे बटणवाल्या मावशी बसल्या होत्या. तुटलेली बटणं लावायची, उसवलेलं शिवायचं, हे त्यांचं काम. पगार? सांगायला शेठना लाज वाटावी इतका. पण शेठना कुठली लाज वाटतेय! त्यांना एवढंच कळलं, की त्याची दहापट केली तरी गाडी काही दारात येत नाही.

आणि गाडी तर ठरलेली होती. निळी, लांबलचक. शोरूममध्ये जाऊन शेठ तिच्यात बसून आले होते, स्टिअरिंगवरून हात फिरवून आले होते. आता हसू नका. तरुणपणी या माणसाने भर उन्हात सायकलवरून लोकांचे कपडे पोचवले होते. चेन पडली की हात काळे व्हायचे, आणि गिऱ्हाइकाच्या कपड्यांना डाग नको म्हणून ते स्वतःच्याच केसांना पुसायचे. त्या गाडीत शेठचा जीव गुंतला होता.

मावशींचा पगार वाढवला असता तर प्रश्न तिथेच मिटला असता. पण बटणं लावणाऱ्या बाईला पगारवाढ? शेठच्या मनाला ते शिवलंही नाही. त्यांनी वेगळीच शक्कल लढवली. मावशीच नसल्या, तर सर्वांत कमी पगार इस्त्रीवाल्यांचा. त्याच्या दहापटीत गाडी बसते, वर पेट्रोलही.

"मावशी, हल्ली लोक चेनवालेच कपडे घालतात," दुसऱ्या दिवशी शेठ म्हणाले. "बटणांचे दिवस गेले."

मावशींनी शेठच्या सदऱ्यावरच्या बटणांकडे एकवार पाहिलं. सगळी त्यांनीच लावलेली. मग चष्मा डबीत ठेवला, सुई रिळात खोचली आणि निघाल्या. मालकीणबाईंनी त्या दिवशी शेठच्या चहात साखर घातली नाही.

आठवड्याभरात तपासनीस आला. तरुण, नाकासमोर बघून चालणारा. इस्त्रीवाल्यांचे पगार पाहून त्याने मान डोलावली, आणि शेठच्या मनात निळी गाडी सुरूसुद्धा झाली.

"आणि यांचा पगार?" त्याने गल्ल्याकडे बोट केलं.

"हिचा? अहो, ती माझी बायको!" शेठ खो खो हसले. "तिला कसला पगार? सगळं दुकानच तिचं!"

"कागदावर दुकान एकट्या तुमच्या नावावर आहे."

"नाव माझं, पण मनाने तिचंच की!"

"आमच्याकडे मनाचा रकाना नाही," तपासनीस अवघडून म्हणाला. "मागे मी इथे कोट टाकला, त्याची पावती यांनीच फाडली. बाहीवरच्या शाईवरून मला झापलंही यांनीच. म्हणजे या इथे काम करतात. पगार शून्य. शून्याची दहापट म्हणजे..." तो बिचारा पापभीरू, त्याला पुढचं बोलवेना.

शेठच्या तोंडचं पाणीच पळालं. "मग उद्यापासून ती दुकानात येणारच नाही!"

"चालेल की," मालकीणबाई लगेच म्हणाल्या. "गल्ल्यावर दुसरं कोणी ठेवा. हिशेब चोख हवा, गिऱ्हाइकाच्या शिव्या खाऊन हसता यायला हवं, आणि घरी गेल्यावर पुन्हा स्वयंपाक. बघा, किती मागतात ते."

तपासनिसाने महिनाअखेरपर्यंत मुदत दिली आणि कोट उचलून पळ काढला.

दुपारी डबा उघडल्यावर शेठ जरा नरमले. "हे बघ, आजपासून तुला इस्त्रीवाल्यांइतका पगार. झालं?"

"नको."

"नको? अगं, वेडी की खुळी तू? पगाराला कोणी नको म्हणतं?"

"मावशींना देत होतात तेवढाच द्या मला. एक पैसा जास्त नको."

शेठनी मनातल्या मनात दहाने गुणलं आणि हातातला घास परत डब्यात ठेवला. बायकोपुढे हात जोडून 'बाई गं, जास्त घे' म्हणणारा जगातला तो पहिलाच नवरा असेल. पण बाई ढिम्म.

"वाढवायचा तर दोघींचा. मावशी पुन्हा स्टुलावर दिसल्या पाहिजेत." मग मालकीणबाईंचा आवाज एकाएकी कापरा झाला. "अहो, त्यांना घालवताना तुम्हाला काही म्हणजे काही वाटलं नाही. मी बघत होते. तेव्हाच मनात आलं, मी तर त्यांच्याहूनही स्वस्तात पडतेय."

शेठ भाजीतला कढीपत्ता बाजूला काढत बसले.

संध्याकाळी ते मावशींच्या दारात उभे राहिले. इस्त्रीवाल्यांइतक्या नव्या पगाराचा आकडा सांगितला. मावशींनी चष्मा लावून त्यांना नीट न्याहाळलं. "शेठ, बरं वाटत नाहीये का? आणि हल्ली लोक चेनवालेच कपडे घालतात ना?"

"चुकलं माझं, मावशी," शेठ म्हणाले. त्यांच्या तोंडून हे शब्द याआधी कुणी ऐकले नव्हते, त्यांनी स्वतःही नाही. मावशी मात्र उद्यापासून येते म्हणाल्या नाहीत. परवापासून म्हणाल्या. एक दिवस शेठनी वाट बघितली.

महिनाअखेरीला शेठ टेबलावर पाकिटं मांडून बसले. गाडीचं आता जमत होतं, तरी सकाळी सरकारच्या नावाने खडे फोडून झालेच होते. इस्त्रीवाले येऊन गेले, मावशी येऊन गेल्या. त्यांच्यामागे रांगेत मालकीणबाई उभ्या.

"अगं, तू कशाला रांगेत? तुला घरी देतो की!"

"घरी देतो, घरी देतो, हे लग्न झाल्यापासून ऐकतेय," मालकीणबाई म्हणाल्या. "इथेच द्या."

मावशी कोपऱ्यातून फिस्सकन हसल्या. शेठचे कान तापले. त्यांनी पाकीट उचललं. एवढी वर्षं आपण हे केलं नाही याची त्यांना खरोखर, अगदी आतून लाज वाटली. पण सगळ्यांना म्हणायचे तेच तोंडातून निघालं, "मोजून घ्या."

मालकीणबाईंनी अंगठा ओला करून नोटा मोजल्या. मग पुन्हा एकदा, सावकाश मोजल्या. बाहेर एक गिऱ्हाईक केव्हापासून हाका मारत होतं. शेठ मुकाट्याने उठले आणि स्वतःच गल्ल्याकडे गेले.