थांबता येईल अशी खोली

"थांब! अरे थांब ना बे, बाई हात दाखवून राहिली!"

अंगणात प्लास्टिकच्या खुर्चीवर बसलेल्या भैयाजींनी उजव्या पायाने जमीन दाबून धरली होती. डोळ्यांवर हर्षाने पुण्याहून आणलेला काळा, डब्यासारखा चष्मा. समोर खरं तर तुळस होती आणि दोरीवर वाळत घातलेलं लुगडं. पण भैयाजींना दिसत होता लाखांदूर-साकोली रस्ता आणि सानगडीच्या थांब्यावर टोपली घेऊन उभी असलेली एक म्हातारी. गाडी थांबली नाही. म्हातारी डाव्या अंगाने मागे सरकली. भैयाजींनी मान वळवून पाहिलं. ती हात खाली करत होती.

"केशरबाई होती थे," चष्मा काढत ते म्हणाले. "शिंगाडेवाली."

याच रस्त्यावर त्यांनी बावीस वर्षं एसटी चालवली होती. गेल्या वर्षी दिवाळीच्या तोंडावर लकवा आला आणि डावी बाजू गेली. "क्लचचा पाय गेला, गिअरचा हात गेला, ब्रेकचा पाय तेवढा राहिला," असं ते स्वतःच हसत सांगायचे. मग डॉक्टरांनी वॉकर दिला, रोज चाला म्हणाले. भैयाजी पलंगापासून अंगणातल्या खुर्चीपर्यंत चालायचे आणि परत. फाटकाबाहेर मात्र नाही. ज्या लोकांनी आपल्याला खाकी कपड्यांत उंचावर बसलेलं पाहिलं, त्यांनी आपल्याला पाय ओढताना पाहू नये, एवढंच त्यांच्या मनात होतं. ते त्यांनी कधी बोलून दाखवलं नाही, पण त्यांच्या बायकोला, रुखमिणीला, ते ठाऊक होतं.

मुलगी हर्षा पुण्यात असे चष्मे बनवणाऱ्या कंपनीत होती. महिनाभर घरूनच काम करायची मुभा मिळाली, तेव्हा ती येताना चारही दिशांचं चित्रीकरण करणारा कॅमेरा घेऊन आली. चुलतभाऊ मनिषच्या पिकअपच्या टपावर तो बांधला आणि बाबांचा अख्खा रस्ता टिपून आणला.

"बाकी बेस आहे," भैयाजींनी निकाल दिला. "पण हवा लागत नाही. डिझेलचा वास नाही. गाडी खड्ड्यात गेली तं कंबरेले समजत नाही."

"त्याच्यासाठी खोली लागते बाबा, अख्खी खोली. चारही भिंती, छत, फरशी, सगळा रस्ताच होऊन जाईल. फरशी हालेल, वारा येईल, वास येईल. हात लावला तं स्टेअरिंग हाताले लागेल. चष्मा-गिष्मा काहीच नाही."

"कधी येते थे खोली?"

हर्षाच्या ऑफिसात चहाच्या वेळी रोज याच प्रश्नावर भांडणं होत. "कोणी म्हणते दहा वर्षं, कोणी म्हणते तीस. दिसणं-ऐकणं लवकर जमेल. वास आन् स्पर्श कठीण आहे. आमचे एक सर तं म्हणतात, पूर्ण खोली कधी होणारच नाही."

संध्याकाळी सुखराम आला. भैयाजींच्या गाडीवरचा कंडक्टर, आता निवृत्त. खोलीचं ऐकून त्याने खुर्ची पुढे ओढली.

"मले विचारा. तिकिटाची पेटी जाऊन मशीन येईल म्हणत, तवा मी शर्यत लावली होती, का आपण रिटायर होईपर्यंत येत नाही. दोन महिन्यांत गळ्यात पडली! पाच वर्षं, भैयाजी. लिहून घ्या."

रुखमिणी लाखोरीची भाजी निवडत होती. मान वर न करता ती म्हणाली, "आपल्या नळाचं मोजमाप झालं, तवा हर्षा दुसरीत होती. पाणी आलं, तवा थे इंजिनिअर झाली. साध्या पाण्याले इतके वर्षं लागले, मंग वाऱ्यावासाच्या खोलीले पकडा तीस."

"तीस वर्षांनं मी सत्त्याऐंशीचा होईन," भैयाजी म्हणाले. "तवा लायसन देतील का मले?"

सगळे हसले. वर्षभरात त्या अंगणात इतकं हसणं झालं नव्हतं.

पण पुढच्या आठवड्यात हर्षाच्या लक्षात आलं, की वॉकरवर टॉवेल वाळत असतो. बाबा सकाळी चष्मा लावत ते जेवायलाच काढत. चला म्हटलं की म्हणत, "थे खोली आली, का थ्याच्यात चालीन." डॉक्टरांनी बजावलं होतं, संक्रांतीपर्यंत पाय वापरात आला नाही तर तो तसाच आखडून राहील. आपण बाबांना रस्ता आणून दिला आणि खुर्चीला खिळवून टाकलं, असं तिला वाटू लागलं.

आणि बाबा अडकले होते ते सानगडीला. बाकीचा रस्ता ते पुढे पळवत. थांबा आला की पाय जमिनीवर दाबत, आणि म्हातारी मागे पडली की पुन्हा आधीपासून लावत. नवव्या दिवशी त्यांनी चष्मा मांडीवर ठेवला.

"हर्षा, थ्या खोलीत गाडी थांबवता येईल का?"

"येईल ना. पण मंग ती अशी खरी फिल्म नसेल बाबा, कॉम्प्युटरनं केलेली असेल. रस्ता केलेला, केशरबाई पण केलेली."

"केलेली केशरबाई मले काय सांगेल?"

"काय सांगायचं आहे तिनं?"

"थ्या दिवशी घरी कशी गेली, थे."

हर्षाने खाली पाहिलं. गेले काही दिवस हेच सांगायचं ती टाळत होती. "बाबा, मनिषदादा थांबवत होता. मीच नोको म्हटलं. मधात थांबलं का चित्र तुटते म्हणून."

ती बोलणी खायला तयार होती. भैयाजी रागावले नाहीत. त्यांनी मांडीवरचा चष्मा उचलून बाजूला ठेवला.

"बावीस वर्षांत मी तिले सोडून गेलो नाही," ते म्हणाले. "एखाद्या बाजाराले उशीर झाला तिले, तं हॉर्न वाजवून बोलावत होतो. तिच्या गावाले दुसरी गाडी नाही." मग त्यांनी इकडेतिकडे पाहिलं. "माहा वॉकर कुठं आहे?"

पहिल्या दिवशी ते फाटकापर्यंत गेले. दुसऱ्या दिवशी फाटकाबाहेर, शेजारच्या पुष्पाबाईंच्या ओट्यापर्यंत. पुष्पाबाईंनी तांदूळ पाखडता पाखडता विचारलं, "बेस आहे का, डायवरसाहेब?" आणि पुन्हा सूप हलवू लागल्या. बस, इतकंच. ज्या नजरांना ते वर्षभर भ्याले होते, त्या असल्या निघाल्या. स्टँडपर्यंत पोचायला त्यांना अठरा दिवस लागले. त्यात तीनदा ते मधेच परतले, एकदा पडले आणि एकदा रुखमिणीशी भांडले.

सानगडीच्या बाजाराच्या दिवशी बापलेक निघाले. त्यांच्या गावच्या, लाखांदूरच्या स्टँडवर गाडी सुटायला वेळ होता, त्यामुळे चढणं निभावलं. भैयाजी दारालगतच्या सीटवर बसले. रस्त्याच्या कडेला धान वाळत होतं, खिडकीतून त्याचा वास येत होता, आणि पहिल्याच खड्ड्याला त्यांची कंबर कळवळली. ते हर्षाकडे पाहून गालात हसले.

केशरबाई थांब्याजवळच पोत्यावर बसली होती, पुढ्यात उकडलेल्या शिंगाड्यांची टोपली. वॉकर दिसला, मग माणूस दिसला, आणि ती उठून उभी राहिली.

"डायवर भाऊ! तुमी?"

भैयाजींनी पिकअपची गोष्ट सांगितली. म्हातारीला आठवायलाच वेळ लागला.

"थ्या दिवशी? मांगून धानाचा ट्रॅक्टर आला, त्याच्यावर बसून गेली मी. तुमच्या एसटीपेक्षा लवकर पोचली. आन् तुमी महिनाभर त्याच्यातच अटकले का?"

"मावशी, मीच थांबू दिलं नव्हतं," हर्षा म्हणाली.

म्हातारीने तिला नीट न्याहाळलं. "डायवर भाऊची पोरगी होय का? मंग उभी काहून? बस. शिंगाडे खाय."

शिंगाडे सोलता सोलता खोलीचा विषय निघालाच. केशरबाईने सगळं ऐकून घेतलं.

"म्हंजे मी पण राहीन थ्या खोलीत?"

"राहाल ना."

"मंग लुगडं चांगलं नेसव मले. थ्या दिवशी जुनं होतं." मग ती भैयाजींकडे वळली. "कधी होते म्हणता?"

"माही बायको तीस वर्षं म्हणते. सुखराम पाच म्हणते."

"होईल तवा होईल. पाचची गाडी येऊन राहिली, थे पाहा."

गाडी आली. इथे ती अर्धं मिनिट थांबते, हे भैयाजींइतकं कोणाला ठाऊक असणार? बाजारची माणसं भराभर चढली. भैयाजींनी दांडा धरला, उजवा पाय पहिल्या पायरीवर ठेवला. इंजिनच्या थरथरीने दांडा हातात नाचत होता, डावा पाय काही उचलेना. मागून हर्षाने कंबरेला हात दिला. वर बसलेली माणसं पाहत होती. भैयाजींना घाम फुटला.

तेवढ्यात केशरबाई टोपली तशीच टाकून गाडीच्या पुढून वळसा घालून ड्रायव्हरच्या खिडकीशी गेली. काय बोलली ते ऐकू आलं नाही. ड्रायव्हर तिशीतला होता, भैयाजींनी त्याला कधी पाहिलं नव्हतं.

इंजिन बंद झालं.

एकाएकी बाजाराचा आवाज ऐकू येऊ लागला. कोणीतरी कोथिंबिरीच्या नावाने ओरडत होतं. कोणताच ड्रायव्हर मधल्या थांब्यावर इंजिन बंद करत नाही. भैयाजींनी स्वतः बावीस वर्षांत तसं केल्याचं त्यांना आठवेना. त्यांनी आत पाहिलं. तो पोरगा सरळ काचेबाहेर बघत होता, हात मांडीवर ठेवून, जणू त्याला कुठे जायचंच नव्हतं.

भैयाजींनी खिशातून रुमाल काढला, तोंड पुसलं, रुमाल घडी करून परत ठेवला. मग उजव्या हाताने डावा गुडघा धरून पाय उचलला आणि पहिल्या पायरीवर नीट बसवला. राहिल्या दोन पायऱ्या. त्यांनी घाई केली नाही.