धामणगावात आलेले दिलावर-दस्तगीर

धामणगाव बढ्याच्या बाजारात निवृत्ती वांगी घ्यायला बसला की माळीण पाटी थोडी मागं ओढून घ्यायची. हा माणूस प्रत्येक वांग्याचं देठ उचलून किडीचं भोक शोधणार, तराजूच्या पारड्याखाली हात घालून पाहणार, हे तिला ठाऊक होतं. घरी दूध आलं तर तो नखावर थेंब उभा राहतो का ते बघे. सख्ख्या साडूकडून बैल घेतला तेव्हाही दात बघायला त्यानं परगावचा माणूस आणला होता. साडू वर्षभर बोलत नव्हता. गाव त्याला तोंडावर 'शक्या' म्हणे आणि त्याला त्याचं काही वाटत नसे.

अशा माणसाचा जगात एकाच गोष्टीवर आंधळा भरवसा होता, तो म्हणजे बुऱ्हानपूरच्या दिलावर-दस्तगीर कव्वाल पार्टीचा आवाज.

मुदतीच्या तापातून उठला त्या वर्षी त्यानं मलकापुरातून चावीचा ग्रामोफोन आणला होता. एक तंबू टॉकीज मोडीत निघाली होती, तिच्या सामानात तो निघाला आणि सोबत या पार्टीच्या दोन तबकड्या. अंगात चालायचं बळ नव्हतं, शेत वाट्यानं दिलेलं. दिवसभर ओट्यावर पडून तो त्या दोन तबकड्या ऐकत राहिला. दिलावरचा आवाज ताणलेल्या तारेसारखा वर जायचा, आता तुटतो की काय असं वाटायचं, आणि नेमका तेव्हा दस्तगीर खालून यायचा आणि भावाला झेलून घ्यायचा. नावाड्याला साद घालणारी एक कव्वाली तर त्याला श्वासासकट पाठ झाली होती. पुढं तो बरा झाला, नांगराला लागला, पण दुपारी जेवून उठला की चावी भरणं काही सुटलं नाही. त्याची बायको जनकाबाई घरात डाळ पाखडत असो की सरकी निवडत असो, ते गाणं तिच्याही कानावर पडतच होतं. तिला कोणी आवडतं का म्हणून विचारलं नव्हतं.

महाराष्ट्र राज्य होऊन तीन-चार वर्षं झाली असतील तेव्हाची गोष्ट. दर्ग्याच्या उरुसाच्या आधी रहेमतुल्ला कापडवाला निवृत्तीच्या ओट्यावर येऊन बसला. तो उरुसाच्या पंचात होता.

"निवृत्तीभाऊ, यंदा कव्वालीले कोन येऊन राह्यलं, मालूम हाय का? तुमचे दिलावर-दस्तगीर."

निवृत्तीला आनंद झाला, पण लगेच त्याच्या मागून नेहमीचा पाहुणा, संशय, आला.

"एवढी मोठी पार्टी आपल्या गावाले काऊन येईन?"

"माह्या मेव्हण्याची वळख हाय बुऱ्हानपुरात. तो बोलला त्याह्यच्याशी. हो म्हनले."

"तुमी सोता पाह्यलं का त्याह्यले?"

"म्या नाही. मेव्हण्यानं पाह्यलं."

"मेव्हण्यानं कोनाले पाह्यलं?"

रहेमतुल्ला हसत उठला. "तुमाले तर देवानं दर्शन देल्लं तरी तुमी त्याचा चौथा हात ओढून पाहासान," असं म्हणून तो गेला.

पण निवृत्तीचं मन लागेना. मागच्या वर्षी पलीकडच्या एका गावात मोठ्या नावाचा जादूगार म्हणून कोणी भलताच येऊन गेला होता, लोक अजून त्याच्या नावानं बोटं मोडत होते. तसंच हे असलं तर? पार्टी येणार त्या दिवशी तो सकाळपासून एस.टी.च्या थांब्यावर, पिंपळाच्या पारावर जाऊन बसला. लिंबाची काडी चावत, कोणाची वाट पाहत नसल्यासारखा.

मलकापूरची गाडी आली. टपावरून हार्मोनियमची पेटी, ढोलक, वळकट्या उतरल्या. मग माणसं उतरली. पुढं एक वाळका, पिकल्या दाढीचा म्हातारा, कोपरावर ठिगळ असलेली शेरवानी, उतरताच खोकल्याची उबळ येऊन गाडीच्या दांडीला धरून उभा राहिला. त्याला पाणी देणारा एक तरणा पोरगा, मिशी कोवळी. बाकीचे ढोलकवाले, टाळ्यावाले.

"दिलावर मियाँ कोनते?" निवृत्तीनं ढोलकवाल्याला विचारलं. त्यानं म्हाताऱ्याकडं बोट केलं.

"आन् दस्तगीर?"

ढोलकवाला जरासा थांबला. "वो क्या, गिलास पकड़े हैं."

निवृत्ती मागं सरकला. तबकडीवरचा दस्तगीर भरल्या गळ्याचा, पुरा माणूस होता. तबकडी त्याच्या घरात येऊनच कितीतरी वर्षं झाली होती. ती भरली तेव्हा हा पोरगा गोट्या खेळत असेल. त्या पोराकडं त्यानं परत पाहिलं, तर त्यानं मान फिरवली. निवृत्ती घरी आला तो न जेवताच पडला. जनकाबाईनं विचारलं, "काय झालं हो?" तर म्हणाला, "काही नाही. चोर आले गावात."

कव्वाली दिवसाउजेडी ठेवली होती. आदल्या साली रात्रीच्या गर्दीत मारामारी झाली होती, म्हणून पोलीस पाटील रंगरावांनी रात्रीचा कार्यक्रम बंदच केला होता. दर्ग्यापुढच्या चिंचेखाली मांडव घातला, बॅटरीवरचा भोंगा लावला. एका अंगाला बाया बसल्या, एका अंगाला गडी. निवृत्ती पहिल्या रांगेत, मांडीवर मुठी आवळून.

म्हाताऱ्यानं पेटी ओढली आणि तोंड उघडलं. पहिल्याच ओळीला निवृत्तीनं ओळखलं. हा तो आवाज नव्हताच. शब्द तबकडीवरचेच, चाल तीच, पण आवाज जाड, दमदार, बैलगाडी चढावर चढावी तसा सावकाश. ती तार कुठं होती? पोरगा खालून आला तो पातळ गळ्यानं. त्यानं झेललं खरं, पण झेलताना त्याचेच पाय लटपटले. भोवती लोक माना डोलवत होते. रहेमतुल्ला डोळे मिटून बसला होता. निवृत्तीला वाटलं, एवढ्या गावात मी एकटाच जागा हाय.

पहिली कव्वाली संपली, पार्टी पाणी प्यायला थांबली. निवृत्ती उठून रहेमतुल्लाच्या कानाशी गेला.

"हे ते नव्हत."

"काय बोलून राह्यले?"

"म्या रोज ऐकतो. हे दिलावर-दस्तगीर नव्हत. तुमाले फसवलं."

हळू बोलला तरी मागच्या रांगेनं ऐकलं. तिथून ती गोष्ट मांडवभर पसरली. "शक्या म्हनते, नकली हाय." "अबे, त्याच्याकडं तबकडी हाय, त्याले समजते." जादूगाराची आठवण कोणीतरी काढली. दोघं-तिघं तरणे बाह्या सारून उठले. म्हाताऱ्यापर्यंत काय पोचायचं ते पोचलं. त्यानं पेटीचा भाता बंद केला आणि हात मांडीवर ठेवून बसला.

रंगराव काठी घेऊन मधी आले. "बसा खाली सगळे. निवृत्ती, तुह्याजवळ मशीन हाय ना? घेऊन ये. आत्ता काय ते निपटून टाकू."

म्हातारा पहिल्यांदा बोलला. "पाटीलसाहब, ठीक है. मगर सुनेंगे हम अंदर, कोठरी में. ये भाई आएँ और इनका बाजा आए. बाकी कोई नहीं."

"काऊन बरं?" निवृत्तीनं विचारलं.

"मेरी इज्जत का सवाल है, भाई. तमाशा बाद में कर लेना."

रंगरावांनी मान हलवली.

दर्ग्याच्या बाजूला चादरी, उदबत्त्या ठेवायची लहानशी खोली होती. निवृत्तीनं डोक्यावरून ग्रामोफोन आणून तिथं टेकवला. म्हातारा पेटी घेऊन भिंतीला टेकून बसला, पोरगा दाराशी उभा राहिला. बाहेर रंगराव दाराला पाठ लावून थांबले. निवृत्तीनं चावी भरली, नावाड्याची तबकडी लावली, सुई टेकवली. तो ओळखीचा आवाज तारेसारखा वर गेला. निवृत्ती म्हाताऱ्याकडं बघत राहिला, आता हा कसा निसटतो ते पाहू म्हणून.

म्हातारा आधी दचकला. मग त्याला हसू फुटलं, हसता हसता खोकला आला. त्यानं पेटी जवळ ओढली आणि एक काळी पट्टी दाबून धरली. तबकडीचा सूर तिला लागला.

"सुना? काली दो. मैं सारी उम्र उससे नीचे, काली एक से गाया हूँ. भाई, तुम्हारा बाजा भाग रहा है."

"म्हंजे?"

म्हाताऱ्यानं वाकून तबकडीच्या थाळीजवळचा एक लहानसा गंजका काटा दाखवला. निवृत्तीनं तो रोज पाहिला होता; तो हलतो हे त्याला माहीत नव्हतं. म्हाताऱ्यानं नखानं, मग पेटीच्या खणातल्या चिमट्यानं तो जरा मागं सारला. तबकडी मंदावली. आवाज खाली उतरला, जाडावला, त्याच्यात छाती आली. मघाशी मांडवात ऐकला होता तोच आवाज, फक्त खोकल्याआधीचा. म्हातारा हलक्या गळ्यानं तबकडीसोबत गाऊ लागला आणि दोन आवाजांत केसाचंही अंतर राहिलं नाही.

निवृत्तीला उमगलं. एवढी वर्षं ज्या तारेवर तो जीव टाकत होता ती तार कोणाच्या गळ्यात नव्हतीच. त्याला हात जोडावेत असं वाटलं, पण हात उचलायच्या आत तबकडीवर दस्तगीर आला.

खऱ्या चालीवर तो आवाज अजूनच भरदार होता, विहिरीतून यावा तसा. त्या आवाजावर म्हातारा गायचा थांबला. निवृत्तीनं दाराकडं पाहिलं. पोरगा पायाच्या अंगठ्यानं जमीन उकरत होता.

"हा मातर तो नव्हे," निवृत्ती म्हणाला.

तबकडी संपली. मग म्हाताऱ्यानंच सुई उचलली.

"नहीं है. दस्तगीर को गुजरे तीसरा जाड़ा है. मेरे हाथ में दम तोड़ा. ये उसका लड़का है, शब्बीर."

"मंग नाव काऊन त्याचं लावता?"

"एक नाम से कोई बुलाता नहीं. लोग कहते हैं, जोड़ी चाहिए." म्हातारा पेटीच्या पट्ट्या पुसत राहिला. "और सच कहूँ, तो मुझसे भी अकेला नाम बोला नहीं जाता. बचपन से दोनों साथ बोले हैं."

"रहेमतुल्लाले मालूम हाय?"

"नहीं. तुम बाहर जाकर बता दो. तुम्हारा हक है. हम अगली गाड़ी से चले जाएँगे."

पोरगा मधेच बोलला. "चाचा, मैंने तो पहले ही कहा था."

"तू चुप रह."

निवृत्तीनं तबकडी पाकिटात घातली, भोंगा काढून ठेवला. आयुष्यभर तो खोट काढत आला होता आणि खोट सापडली की त्याला आतून गार वाटायचं. आज ती त्याच्या हातात होती, चोख, म्हाताऱ्याच्या तोंडून कबूल झालेली. पण गार काही वाटेना. त्याला आपलं आजारपण आठवलं. हे दोघं भाऊ कोण, कुठले, काही माहीत नसताना त्यांनी त्याला त्या ओट्यावर धरून ठेवलं होतं. त्यातला एक गेला होता आणि त्याला ते आत्ता कळत होतं, तेही असं अडवून विचारल्यावर.

"किती वर्साचे व्हते?" त्यानं विचारलं.

"मुझसे छोटा था," एवढंच म्हातारा म्हणाला.

दार उघडलं. रंगराव वळले, त्यांच्यामागं सारा मांडव उभा.

"काय मंग? कोन हायेत हे?"

निवृत्तीनं ग्रामोफोन उचलून छातीशी धरला. "तेच हायेत."

"दोघंही?"

"हाव, दोघंही. माह्या मशीनचा काटा पुढं सरकला व्हता, म्हनून ते जोरात पळत व्हती. चूक माह्यी हाय."

हशाचा असा लोट उठला की चिंचेवरची पाखरं उडाली. "शक्याची मशीनच नकली निंगाली बे." रहेमतुल्लानं कपाळाला हात लावला. रंगरावांनी काठीनं सगळ्यांना बसवलं. पुढं कितीतरी वर्षं गावात कोणी घाईनं बोलू लागलं की लोक म्हणत, निवृत्तीचा काटा मागं सार.

तो आपल्या जागी जाऊन बसला. म्हाताऱ्यानं नावाड्याची कव्वाली धरली. आता निवृत्ती ती ताणलेली तार शोधत नव्हता, म्हणून त्याला म्हातारा ऐकू आला. पोरगा खालून आला तेव्हा त्याचा गळा परत लटपटला. निवृत्तीनं त्याच्याकडं पाहून मान डोलावली, जरा जास्तच. पोरानं ते पाहिलं. दुसऱ्या खेपेला त्याचा आवाज बरा लागला. बापासारखा नाही, पण पडला नाही.

ऊन कलल्यावर मांडव सुटला. निवृत्तीनं ग्रामोफोन डोक्यावर घेतला, भोंगा एका हातात धरला, जनकाबाई मागं चालू लागली. वेशीपर्यंत लोक त्याला हसून बोलत होते. नाल्याच्या उतारावर दोघंच राहिली तेव्हा जनकाबाई म्हणाली,

"तो लहाना काही तो नव्हे."

निवृत्ती थबकला. "तुले कसं समजलं?"

"काऊन? म्या का बहिरी हाव? इतकी वर्सं तुमच्यासंगंच ऐकून राह्यली ना." ती नाल्यातला दगड पाहून पाय टाकत होती. "मोठा तोच हाय. सावकाश गायला, पन तोच. लहाना दुसरा कोनीतरी हाय. पोरगा असंन त्याचा, नाकडोळ्यावरून."

"कोनाले बोलली काय बायात?"

"तुमी बाहीर येऊन हाव म्हनले. मंग म्या कशाले बोलू?"

त्यानं वळून तिच्याकडं पाहिलं. घरातलं हे माणूस इतकी वर्षं आपल्याबरोबर ऐकत होतं, हे त्याच्या कधी ध्यानातच आलं नव्हतं.

"त्याचा बाप, दस्तगीर, मेला," तो म्हणाला. "तीन हिवाळे झाले."

जनकाबाईनं पदर तोंडाशी नेला आणि "अरे बाबा" म्हणाली. मग त्याच्या डोक्यावरचं वजन बघून तिनं ग्रामोफोनचा भोंगा त्याच्या हातातून काढून घेतला, कडेवर धरला, आणि दोघं नाला ओलांडून घराकडं निघाली.