ताईसाठी तीन जोड्या

मंचावर गाणाऱ्यांच्या कानात बसणारे मॉनिटर बनवणं हा त्याचा धंदा. गायकाच्या कानाचं माप घ्यायचं आणि त्यात मावतील असे इवलाले स्पीकर बसवायचे. गल्लीत त्याला सगळे 'कानवाला' म्हणत, आणि तोही त्या नावाला ओ देई. थोरली बहीण गायिका. लहानपणी तिचा रियाज सुरू झाला की हा कानात बोटं घालून बसायचा. आता माझ्याच कानांवर पोट भरतो, असं ती चारचौघांत सांगायची.

त्या दिवशी ती दुकानात आली ती कुरकुरतच. "तुझी जुनी जोडी गेली बघ कामातून. सगळं कसं उशीखालून आल्यासारखं वाटतं."

दौरा तोंडावर आला होता. त्याने जवळच्या सगळ्यात भारी तीन जोड्या काढल्या, तिच्या मापाचे रबर लावले आणि तिचंच एक गाणं सुरू केलं.

"खालचे सूर गोड आहेत," पहिली काढत ती म्हणाली, "पण झांज कुठाय?"

दुसरी तिला मोकळी वाटली. झांज मात्र तिच्यातही नव्हती. खरं तर ही जोडी वरच्या सुरांसाठीच नावाजलेली. कानाला टोचते म्हणून काही जण परत आणून देत. तिसरी तिने डोळे मिटून, दोन्ही हातांनी दाबून धरली. शेवटी नुसती नकारार्थी मान हलवली.

तीच त्याने स्वतःच्या कानात घातली. झांज काचेवर टाचणी पडावी तशी लख्ख वाजत होती.

"या खेपेचा मालच जरा दबका आलाय," तो म्हणाला आणि हळूच वरचे सूर वाढवून त्याने जोडी तिला परत दिली.

तिचा चेहरा उजळला. मग तिची नजर त्याच्या हाताकडे गेली.

"तू बटण फिरवलंस."

त्याने बटणावरचा हात मागे घेतला.

"डॉक्टरांनी सांगितलंय मला. एकाने नाही, दोघांनी. म्हटलं, त्यांची यंत्रं साधीच असणार. तुझ्याकडे एवढ्या भारी जोड्या, एखादीत तरी ऐकू येईल."

"ताई, आता आवाज कमीच ठेवायला हवा. नाहीतर उरलंय तेही जाईल."

"उरलंय ते काय दारावरची बेल ऐकायला ठेवू?" ती शांतपणे म्हणाली. "वाढवून दे. तू नाही दिलंस तर दुसरा कोणी देईल."

देणारे छप्पन्न होते, हे त्याला ठाऊक होतं. त्याने वरच्या सुरांची ती दुसरी जोडी तिच्यासाठी घडवली आणि आवाज तिने मागितला त्याहून थोडा कमी ठेवला. पहिल्याच कार्यक्रमात तिच्या ते लक्षात आलं. तिथल्या साउंडवाल्याला सांगून तिने तो वाढवून घेतला.

दौरा अर्ध्यावर आला असताना एका कार्यक्रमात तिचा सूर उतरला. वादकांना कळलं, समोर बसलेल्यांना कळलं, तिला मात्र कळलं नाही. पुढचे कार्यक्रम रद्द झाले.

आता ती भावाकडेच, दुकानाच्या वरच्या खोलीत राहते. त्याचं दुकान चालू आहे. गिऱ्हाईक दोन जोड्या पुढ्यात ठेवून विचारतं, तो ऐकून फरक सांगतो. संध्याकाळी वर जाऊन तो तिच्या समोर बसतो आणि ओठ नीट हलवत दिवसभराचं सांगतो. ती मधूनच हसते, बहुतेक वेळा अंदाजाने.