चाळीस फूट

टेप सुटली — पिवळी, पोलादी, बोटभर रुंद — आणि सरसरत डबीत शिरून तिचं टोक खटकन आपटलं, तेव्हा परीक्षितचा डावा खांदा आपोआप कानाकडे गेला. बावन्नाव्या वर्षी. बांधकाम तपासायला आलेल्या अमेरिकन इन्स्पेक्टरनं पाहिलं नसावं. तो आकडे लिहीत होता. परसातली नवी खोली कुंपणापासून दहा फूट: ठीक. उंची: ठीक. घरापासून चाळीस फूट: नियमाहून जास्तच. हे अंतर परीक्षितनं स्वतः ठरवलं होतं… अप्पांचा खोकला आणि माझा हात यांच्यामध्ये किती जागा हवी, याबद्दल नियमावलीत काहीच नव्हतं. सदतीस पानं वाचली मी. कोंबड्यांसाठी मात्र वेगळं कलम होतं.

अप्पांची पट्टी सागवानी, पितळी कडेची. भूगोलाचे मास्तर, मारायचेही मोजून — विसरलेल्या प्रत्येक नदीला एक. आठवीत माझा खांदा निखळला तेव्हा डॉक्टरांना सांगितलं, झाडावरून पडला, आणि आम्ही तर तिसऱ्या मजल्यावर राहायचो… आता एक्याऐंशीचे. मागच्या मंगळवारी त्यांनी आमटीची वाटी सुनेच्या, सुनेत्राच्या अंगावर भिरकावली आणि परीक्षितनं बापाचा दंड धरला. फक्त धरला. चार बोटांचे, एक अंगठ्याचा, पाचही डाग अजून निळे. बुधवारीच त्यांना या खोलीत हलवलं. आजच्या उन्हातही ते पूर्ण बाह्यांचा शर्ट घालून नव्या पलंगावर बसले होते.

इन्स्पेक्टर पलंगापाशी थांबला. परवानगी बागेतल्या खोलीची होती: कुंड्या, खुर्ची, पुस्तकं. झोपणं नाही.

परीक्षितनं सांगितलं, वडील दुपारचे जरा आडवे होतात, इतकंच.

"आणि हा समारंभ?" इन्स्पेक्टरनं विचारलं. कुणाच्यातरी तक्रारीसोबत फोटो आला होता: होमकुंड, जवळच्या ट्रॉय गावाहून आणलेले गुरुजी, कुंड्यांच्या खोलीची साग्रसंगीत वास्तुशांत. हट्ट परीक्षितचाच. काहीतरी शांत व्हावं, एवढंच.

"यू डू इट बिफोर समवन मूव्ज इन," इला बापाच्या मदतीला धावली. सतरा वर्षांची, खोटं बोलायला शिकवायचं राहून गेलेली. "लाइक, टु लिव्ह."

इन्स्पेक्टरनं तिचे मनापासून आभार मानले. आजपासून इथं कुणी झोपायचं नाही. अपील करता येईल. तीनेक महिने लागतात.

"काय म्हणतोय रे तो?" अप्पांनी विचारलं.

"तुम्हाला घरात झोपायचंय, अप्पा. आमच्या शेजारच्या खोलीत."

"साधी खोली बांधता येईना. गणित कच्चं ते कच्चंच तुझं. धर मला."

त्यानं धरलं. तोच दंड. बाहीवरून बोटं जराशी चाचपडली आणि आपापल्या डागांवर बरोबर बसली, जणू तिथं त्यांचीच जागा आखलेली होती…  अप्पांचा खांदा हळूच कानाकडे गेला. ते पाहून परीक्षितला भीती वाटायला हवी होती, आणि त्यानं पाऊलभर तिची वाटही पाहिली. पण आत काहीतरी उबदार, पोटभर जेवल्यासारखं पसरत गेलं… घर अजून तीस फूट होतं.