आवृत्ती आठ

“मागच्या वर्षीच्या फॉर्मवरनं उतरवून काढा की. त्यात काय बघायचंय?” मॅनेजर डोळे वर न करता म्हणाले.

औषधांच्या त्या गोदामातले संगणक सांभाळणारे काका तपासनीसांकडे दरवर्षी पाठवायचा फॉर्म घेऊन बाहेर पडले. बाराव्या रकान्यात विचारलं होतं, साठ्याच्या नोंदी ठेवणारा प्रोग्राम डेटाबेस सर्व्हरच्या कोणत्या आवृत्तीवर चालतो? तीन वर्षं काका तिथे ‘चौदा’ लिहून खाली सही ठोकत आले होते. प्रोग्रामच्या पहिल्याच पडद्यावर तसं छापलेलं होतं, मग शंका कशाला घ्यायची! पण यंदा फॉर्मवर एक ओळ वाढली होती: ‘सर्व्हरला विचारून खात्री केली आहे.’

जिन्याखालच्या खोलीत कुबट वास भरला होता. नाकाला रुमाल लावून काका सर्व्हरसमोर बसले आणि त्यांनी एक ओळ टाइप केली. उत्तर आलं, आठ.

चुकीच्या मशीनला विचारलं असेल म्हणून त्यांनी पुन्हा विचारलं. आठच. म्हणजे नवी आवृत्ती कधी बसवलीच नव्हती. कुणीतरी पडद्यावरचा आकडा तेवढा बदलून हात झटकले होते.

आठव्या आवृत्तीतल्या दोषांची यादी काकांनी उघडली. सहाव्या ओळीवर त्यांचं बोट थांबलं. अचानक वीज गेली, तर ‘नोंद झाली’ असं सांगूनही शेवटच्या काही नोंदी पुसल्या जातात.

त्यांनी ती यादी कागदावर छापून घेतली.

चार महिन्यांपूर्वी भरदुपारी वीज गेली होती. सर्व्हर परत चालू केला होता तो काकांनीच. दुसऱ्या दिवशी मुदत संपलेल्या औषधाची चाळीस खोकी दुकानांत रवाना झाली, कारण ती बाद केल्याची नोंदच सापडेना. नोंदणीवाल्या बाई कळवळून सांगत होत्या, “मी केली होती हो नोंद! झाली म्हणून आलंही होतं!” मॅनेजर सगळ्यांसमोर म्हणाले होते, “मशीन खोटं बोलत नसतं, बाई. काय हो काका?” आणि काकांनी मान डोलावली होती. बाईंची नऊ वर्षांची नोकरी संध्याकाळपर्यंत संपली.

काका यादीचा कागद घेऊन मॅनेजरांकडे गेले. “साहेब, बाई खरं बोलत होत्या.”

मॅनेजर लोणी लावलेला पाव खात होते. त्यांनी कागद वाचला. “झालं ते झालं. तुम्ही चौदाच लिहा. पुढच्या महिन्यात नवी बसवून टाकू, मग खोटं कुठे राहिलं?” आणि लोण्याची बोटं त्यांनी त्याच कागदाला पुसली.

काकांना किळस आली. त्या बोटांची आलीच, पण त्याहून जास्त स्वतःच्या सहीची. तीनही फॉर्मांवर ती कशी ऐटीत, खाली दोन टिंबं देऊन बसली होती!

त्यांनी बाराव्या रकान्यात ‘आठ’ लिहिलं, आधीचे तीन फॉर्म चुकीचे असल्याचं खाली नमूद केलं आणि सगळं स्वतःच तपासनीसांना पाठवून दिलं. तिथून ते थेट बाईंच्या घरी गेले.

बाई आता एका लाँड्रीत इस्त्री करत. दार उघडलं, पण त्यांनी काकांना आत या म्हटलं नाही. काकांनी उंबऱ्याबाहेर उभं राहूनच वीज जाण्यापासून स्वतःच्या सहीपर्यंत सगळं सांगितलं.

“म्हणजे माझं चुकलं नव्हतं.”

“नाही.”

“ते मला तेव्हाच माहीत होतं, काका. तुम्हाला आज कळलं.”

आता दार लागणार, असं काकांना वाटलं. पण बाईंनी सासूला हाक मारली, “आई, जरा बाहेर या.” म्हातारी भिंतीला धरून धरून आली.

“चार महिने ह्या मला विचारतायत, असं कसं गं विसरलीस म्हणून,” बाई म्हणाल्या. “आता ह्यांना सांगा. मोठ्यानं सांगा, ऐकू कमी येतं.”

शेजारचं दार किलकिलं झालं होतं. काकांनी घसा खाकरला. “ह्यांची चूक नव्हती!”

म्हातारीनं कानामागे तळहात धरला.

“अजून मोठ्यानं,” बाई म्हणाल्या.