माझ्या नळीत तेल भरलं तेव्हा

मी एक जुनी लाकडी क्रेन आहे, मित्रांनो, आणि माझ्या अंगात रक्ताऐवजी पाणी खेळतं. हसू नका! त्या पाण्याच्या जोरावर मी गच्च भरलेली कंपासपेटी उचलून दाखवली आहे.

सुरुवातीला मी क्रेन नव्हतेच. एका खोक्यात पातळ फळ्या, बिनसुईच्या सिरिंज आणि पारदर्शक नळ्या होत्या, बस्स. ते खोकं खारूच्या काकानं तिला वाढदिवसाला दिलं होतं. खारू हे तिचं घरातलं नाव, कारण ती एका जागी टिकतच नसे. "खारूताई, जोडायला बसशील तेव्हा मला हाक मार. एकटीनं जोडलीस तर कट्टी!" असं काकानं बजावलं होतं.

पण हाक मारायची वेळ येण्याआधीच काका घर सोडून गेला.

झालं होतं असं. खारूचे बाबा आणि काका मिळून गाड्या दुरुस्तीचं गॅरेज चालवत. एका दुपारी काकानं जॅक लावून गाडी उचलली, बाबांनी खाली हात घातला, आणि गाडी खाली बसू लागली. बाबांचं मनगट मोडलं. जॅकच्या बुडाशी एक स्क्रू असतो. तो सैल राहिला तर आतलं तेल मागे पळतं आणि जॅक खाली येतो. "तू स्क्रू आवळलाच नाहीस!" बाबा ओरडले. "दादा, शप्पथ, आवळला होता," काका पुन्हा पुन्हा सांगत राहिला. बाबांनी ऐकलं नाही. काका आपली पिशवी उचलून निघाला आणि दुसऱ्याच्या गॅरेजात नोकरीला लागला. त्यानंतर घरात कोणी त्याचं नाव काढलं, की बाबा ताटावरून उठून जात.

खारूला मात्र काका परत हवा होता. तो खोटं बोलणार नाही, अशी तिची खात्री होती. मी तोवर कपाटावर धूळ खात पडले होते. एका रविवारी तिनं मला खाली काढलं आणि आईला म्हणाली, "क्रेन कशी उचलते ते कळलं, तर जॅक का पडला तेही कळेल."

"आधी हात धू," आई म्हणाली, "मग इंजिनिअर हो."

खारूनं माझ्या फळ्या घासल्या, खाचेत खाच बसवली. पहिल्यांदा माझा हात उलटा बसला आणि मी छताला सलाम ठोकत राहिले. मग तिनं नळ्यांत पाणी भरलं. पाणी दाबलं तरी आकसत नाही, मित्रांनो. इकडच्या सिरिंजचा दट्ट्या दाबला, की पाणी नळीतून सरकतं आणि तिकडचा दट्ट्या ढकलतं. बारीक सिरिंज दाबून जाड सिरिंज हलवली, तर हात हळू उठतो, पण वजन जास्त पेलतो. नळीत हवेचा बुडबुडा राहिला, तर सगळा जोर त्यालाच दाबण्यात वाया जातो. खारूनं नळी उभी धरून, टिचक्या मारमारून एकेक बुडबुडा हाकलला. आणि मी कंपासपेटी उचलली! आईनं पोळी लाटता लाटता लाटण्यानंच टाळी दिली.

बाबा दारातून बघत होते. "पाणी काय भरतेस? खऱ्या यंत्रात तेल असतं. आण इकडे." किती दिवसांनी ते एवढं बोलले होते! त्यांनी हौसेनं माझ्या नळ्यांत जॅकचं नवं तेल भरलं. सुरुवातीला मी लोण्यासारखी चालले. पण दट्ट्याच्या टोकाचं काळं रबर आतल्या आत तेल पीत होतं. थोड्याच दिवसांत माझा हात अर्ध्यात अडकला.

"बाबा, तुम्ही माझी क्रेन बिघडवलीत!"

"तूच नळी वाकडी लावली असशील."

"नाही! शप्पथ, नीट लावली होती."

त्या 'शप्पथ' शब्दावर बाबा थांबले. त्यांनी चिमट्यानं दट्ट्या ओढून काढला. रबर भिजलेल्या वाटाण्यासारखं फुगलं होतं. "तेल चांगलंय," ते पुटपुटले. "या रबराला ते चालत नाही." मग त्यांचा चेहराच उतरला. "त्या अपघाताच्या आधी जॅकचं तेल संपलं होतं. मी त्यात ब्रेकचं तेल ओतलं होतं. म्हटलं, तेलासारखं तेल."

ते तडक गॅरेजात गेले. मागून खारू, तिच्या काखेत मी. अपघातानंतर जॅक कोपऱ्यात फेकला होता, कोणी हातही लावला नव्हता. बाबांनी स्क्रू फिरवून पाहिला. तो जागचा हलेना, इतका घट्ट आवळलेला होता. मग त्यांनी जॅक खोलला. आतलं रबर फुगून फाटलं होतं, तेल तिथूनच मागे पळालं होतं.

बाबांनी तिथूनच फोन लावला. "अरे, मी बोलतोय. स्क्रू आवळलेलाच होता रे. चूक माझी होती."

पलीकडून काका म्हणाला, "दादा, मनगट कसं आहे?" बाबांनी फोन खारूच्या हातात दिला.

आता माझ्या नळ्या पिवळ्या पडल्या आहेत. खारू मोठी झाली आहे, शिकायला दूर असते. मित्रांनो, माझ्यासारखी क्रेन जोडलीत, तर तिच्यात पाणीच भरा आणि खेळून झालं की ते काढून नळ्या सुकवा. ती कधी अडली, तर जवळच्या माणसाला बोल लावण्याआधी तिला उघडून बघा, आणि लगेच बघा. बाबांनी उशीर केला. काका हल्ली दर रविवारी येतो, चहा घेतो, हसतो. "गॅरेजात परत ये ना," असं बाबा म्हणाले, की "बघू" म्हणतो. आणि ज्या घरात तो लहानाचा मोठा झाला, त्याच घराच्या दारात उभा राहून पाहुण्यासारखं विचारतो, "दादा, निघू का मी?"